पालवा बंदरावरचा क्लब

इ. स. १८७५ हे साल आमच्या विषयाच्या दृष्टीने मोठे बोलके आहे. त्या साली पुण्यास महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमालेचा आरंभ झाला. त्याच साली मुंबईच्या मैदानावर बॉम्बे जिमखान्याची स्थापना झाली. आणि पुढच्याच वर्षी, गव्हर्नर सर फिलिप वुडहाउस यांच्या खटपटीने, मुंबईच्या यॉट क्लबास व्हिक्टोरिया राणीकडून ‘रॉयल’ ही पदवी मिळाली. माणसांनी एकत्र कसे यावे, याविषयीच्या दोन कल्पना या दोन वर्षांत जवळजवळ शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. एका ठिकाणी जो येईल तो श्रोता. त्याने यावे, बसावे, ऐकावे आणि पटले नाही तर तसे बोलून दाखवावे. दुसऱ्या ठिकाणी कोणी यावे यापेक्षा कोणी येऊ नये, हे आधी ठरलेले. पहिल्या कल्पनेविषयी व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून पुष्कळ बोलले गेले आहे. आज आम्ही दुसरीचा, आणि तिने पालवा बंदरावर उभ्या केलेल्या एका वास्तूचा, इतिहास सांगण्याचे योजिले आहे.

क्लब हा शब्द आता आपल्याकडे इतका रुळला आहे की त्याचा मूळचा दरारा ध्यानात येत नाही. परक्या मुलखात नोकरीसाठी वा व्यापारासाठी आलेला इंग्रज दिवसभर एतद्देशीयांच्या गराड्यात असे. कचेरीत कारकून, न्यायालयात वकील व पक्षकार, बाजारात दलाल, घरी नोकरचाकर. संध्याकाळी त्याला आपले विलायत हवे असे आणि ते त्याला क्लबात मिळे. विलायतेची वर्तमानपत्रे, बिलियर्डचे टेबल, पत्त्यांचा डाव, पेला, आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे आपल्याच भाषेत, आपल्याच रंगाच्या माणसांशी गप्पा. मुंबईत १८३३ साली निघालेला भायखळा क्लब हा या जातीचा जुना नमुना. त्यानंतर तेरा वर्षांनी, १८४६ साली, शिडाच्या होड्यांचा शौक असलेल्या मंडळींनी यॉट क्लब काढला.

या क्लबांच्या दारावर ‘कुत्र्यांना व हिंदी लोकांना मज्जाव’ अशी पाटी असे, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. आमच्या मते त्या पाटीचा शोध घेत बसण्याचे कारण नाही. कारण तिची गरजच नव्हती. क्लबात शिरण्याची रीतच अशी होती की पाटीचे काम ती गुपचूप करी. नव्या माणसाचे नाव एका सभासदाने सुचवावयाचे, दुसऱ्याने त्याला अनुमोदन द्यावयाचे, आणि मग एका पेटीत पांढऱ्या किंवा काळ्या गोट्या टाकून मत द्यावयाचे. काळ्या गोट्या ठरल्यापेक्षा जास्त पडल्या की नाव बाद. कोणी टाकली हे कळण्याचा मार्ग नाही, आणि का टाकली हे विचारण्याची सोय नाही. त्यातून यॉट क्लबासारख्या ठिकाणी हिंदी माणसाचे नाव गोटीपर्यंत पोहोचण्याचाच प्रश्न नव्हता. पाटीवर निदान भांडता येते. गोटीशी कसे भांडावे?

याचा अर्थ नीट उमगण्यास एकच गोष्ट डोळ्यांपुढे आणावी. १८८९ साली काशिनाथ त्र्यंबक तेलंग आणि १८९३ साली स्वतः रानडे मुंबईच्या उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. गोऱ्या न्यायाधीशांच्या मांडीला मांडी लावून त्यांनी न्यायदान केले. त्यांच्या निवाड्यापुढे गोऱ्या व्यापाऱ्यांसही मान तुकवावी लागली. परंतु कामकाज आटोपले, दिवे लागणीची वेळ झाली, म्हणजे त्यांचा गोरा सहकारी मैलभरही दूर नसलेल्या ज्या क्लबाकडे वळे, त्याचे सभासदत्व या दोघांनाही मिळण्यासारखे नव्हते. राज्याने त्यांना आपल्या सर्वोच्च न्यायपीठावर बसविले. राज्यकर्त्यांनी मात्र त्यांना आपल्या पडवीत बसवून घेतले नाही. कायद्यातली समता आणि व्यवहारातली समता यांच्यामधले अंतर पावलांनी मोजावयाचे असेल, तर ते उच्च न्यायालय ते पालवा बंदर एवढे होते.

आता वास्तूकडे वळू. ज्याला इंग्रज अपोलो बंदर म्हणत, त्याला आपले लोक पालवा म्हणत. सरकारी दप्तरात त्याचे ‘वेलिंग्टन पिअर’ असे नाव होते, पण ते दप्तरातच राहिले. विलायतेहून येणारे बडे पाहुणे येथे उतरत, जाणारे येथून निघत. मुंबईची ही पुढची ओसरीच म्हणावयाची. अशा मोक्याच्या जागी क्लबाने १८८० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत आपले घर बांधले. जॉन अ‍ॅडम्स हे त्याचे वास्तुरचनाकार. त्या काळी मुंबईत गॉथिक धाटणीची लाट होती. विद्यापीठ, उच्च न्यायालय, व्हिक्टोरिया टर्मिनस या साऱ्या इमारती त्या लाटेच्या. पण त्या इमारती पाहणाऱ्याला दिपविण्यासाठी बांधलेल्या. क्लबाचे घर आत बसणाऱ्याला सुखविण्यासाठी बांधलेले. म्हणून येथे कमानी व टोकदार छपरे आली, तरी सारा भर पडवीवर आणि समुद्राकडच्या हिरवळीवर राहिला.

ही पडवी म्हणजे परक्याने आपल्या हवेपुढे पत्करलेली शरणागती होय. इंग्लंडातील घर थंडीला भिते, म्हणून त्याच्या भिंती बंद आणि मध्यभागी शेकोटी. मुंबईतील घराला उन्हाची आणि पावसाची भीती, म्हणून त्याला खोल पडवी, उंच छत, आणि वारा आरपार जाईल अशी दारे-खिडक्यांची मांडणी लागते. ही विद्या साहेबाने येथेच घेतली, आणि शब्दही येथेच उचलले. ‘बंगला’ आपला. क्लबात रोख पैसे न देता ज्या कागदावर सही करावयाची तो ‘चिट’ म्हणजे आपली चिठ्ठी. ‘जिमखाना’ तर याच भूमीवर घडलेला शब्द. ज्यांना दाराबाहेर ठेवले, त्यांच्या घराची पडवी आणि जिभेवरचे शब्द मात्र बिनबोभाट आत आले होते.

पुढे १८९६ साली रस्त्यापलीकडे सभासदांच्या राहण्यासाठी निवासी इमारत उभारण्यात आली. तीही जॉन अ‍ॅडम्स यांचीच. क्लबाचे सध्याचे घर तेच. बाहेरून पाहणाराला ती एखाद्या विलायती वाड्यासारखी वाटते. आत गेले की उंच छतांच्या खोल्या आणि प्रशस्त लाकडी जिना ही मुंबईची ओळख पटते.

या दोन इमारतींच्या भोवती पुढल्या तीस वर्षांत जो परिसर तयार झाला, तो पाहिल्यावाचून त्यांचा अर्थ पुरता लागत नाही. क्लबाच्या शेजारी आधीपासूनच फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी रचलेले आणि १८७६ साली पुरे झालेले ‘रॉयल अल्फ्रेड सेलर्स होम’ होते. गोऱ्या खलाशांच्या या विश्रांतिगृहासाठी दोन लाख रुपयांची देणगी बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दिली होती. मराठी राजाच्या पैशाने गोऱ्या खलाशास निवारा मिळाला, ही गोष्ट त्या काळी कोणास विपरीत वाटली नाही. १९०३ साली जमशेटजी टाटांचे ताजमहाल हॉटेल उघडले. त्याच्या रचनेत रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य या आपल्या वास्तुविशारदाचा मोठा वाटा होता, आणि त्याचे दार जो पैसे मोजील त्या प्रत्येकास खुले होते. १९११ साली पंचम जॉर्ज बादशहा याच धक्क्यावर उतरले. त्याची आठवण म्हणून जॉर्ज विटेट यांच्या आराखड्याप्रमाणे गेटवे ऑफ इंडिया उभारावयाचे ठरले. १९१५ ते १९१९ या काळात समुद्रात भराव घालून जागा करण्यात आली आणि ४ डिसेंबर १९२४ रोजी त्या कमानीचे उद्घाटन झाले. पुरी चोवीस वर्षेही झाली नाहीत, तोच २८ फेब्रुवारी १९४८ रोजी इंग्रजांची शेवटची पलटण याच कमानीखालून निघून गेली. येण्याच्या स्मरणार्थ बांधलेली कमान जाण्याच्या उपयोगी पडली. क्लबाच्या पडवीत बसणाऱ्यास हे सारे खुर्चीवरून न उठता पाहता आले असते.

येथपर्यंत आम्ही सभासदांविषयी आणि शिल्पकारांविषयी बोललो. पण क्लब चालतो तो सभासदांच्या हातांनी नव्हे. शिडाच्या होडीची शर्यत साहेब जिंके, परंतु मुंबईच्या बंदरातल्या नौका, मचवे, पडाव ज्यांच्या अंगमेहनतीवर हलत ते तांडेल आणि खलाशी मुख्यतः कोकणचे. पावसाळ्यात समुद्र खवळला की शर्यतीच्या होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवाव्या लागत. कोणत्या वाऱ्यात बाहेर पडावे आणि कोणत्या वाऱ्यात परतावे, हे शहाणपण या लोकांजवळ पिढ्यान्‌पिढ्या होते. स्वयंपाकघर, मेजवानी आणि वाद्यवृंद या कामांत गोव्याच्या लोकांचा हात साऱ्या मुंबईत प्रसिद्ध होता.

आणि येथे एक मोठी चमत्कारिक गोष्ट सांगावीशी वाटते. याच मुंबईत, धोबीतलावाला आणि माझगावाला, गोवेकरांच्या ‘कुडी’ होत्या. काही आजही आहेत. त्यांनाही लोक क्लबच म्हणत. गोव्यातील एकेका गावाने मुंबईत एखादी खोली किंवा माडी घ्यावयाची. त्या गावचा जो कोणी जहाजावरच्या वा घरगुती नोकरीसाठी येईल त्याने नाममात्र वर्गणी देऊन तेथे पथारी टाकावयाची. भिंतीशी एकावर एक रचलेल्या पेट्या, एका कोनाड्यात देव्हारा, संध्याकाळी सर्वांची मिळून प्रार्थना. आगबोटीवर जागा मिळेपर्यंत माणसाला येथे आसरा असे. तेथेही प्रवेशाचा नियम होताच, गावचा असावा असा. पण तो नियम परगावी आलेल्या गरिबास जवळ करण्यासाठी होता. क्लब हा शब्द एकच. पालवा बंदरावर त्याचा अर्थ अंतर राखणे असा होता, आणि धोबीतलावावर आधार देणे असा.

साहेबाने दार लावले तेव्हा आपण काय केले, हा प्रश्न टाळून चालणार नाही. काहींनी नवे दार केले. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांना आपल्या हिंदी पाहुण्यास गोऱ्यांच्या क्लबात नेता आले नाही, म्हणून त्यांनी दोन्ही समाजांना खुला असा विलिंग्डन क्लब १९१८ साली काढला, अशी कथा सांगतात. कोणी ती यॉट क्लबाविषयी सांगतात, कोणी दुसऱ्या एखाद्या क्लबाविषयी. ताजमहाल हॉटेलाच्या जन्माविषयीही अशाच एका अपमानाची आख्यायिका आहे. अशा कथांचे पुरावे दुबळे असतात. परंतु ज्या व्यवहारातून त्या उगवतात तो व्यवहार खरा होता, आणि म्हणूनच त्या ऐकताक्षणी लोकांना पटत.

इतरांनी काय केले? १८८५ साली पारशी जिमखाना निघाला. त्यापाठोपाठ दहा वर्षांच्या आत मुसलमानांचा आणि हिंदूंचा जिमखाना निघाला. समुद्रकाठी मैदानांची एक रांगच तयार झाली. प्रत्येक मैदानाला एक जात वा एक धर्म, आणि प्रत्येकाला आपापले कुंपण. साहेबाचा खेळ आपण घेतला तो चांगलाच केला. पण खेळाबरोबर त्याची फाटकेही घेतली. फेब्रुवारी १९०६ मध्ये बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदूंच्या संघाने गोऱ्यांच्या संघाचा १०९ धावांनी पराभव केला, तेव्हा साऱ्या देशात आनंदीआनंद झाला. त्या विजयाचा मोठा शिल्पकार होता पळवणकर बाळू, चांभार समाजात जन्मलेला अजोड गोलंदाज. तरुणपणी पुण्यास तो गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची मशागत करी आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करी. पुढे त्याच पुण्यात हिंदू संघाने त्याला खेळावयास घेतले; पण चहाच्या वेळी इतर खेळाडू आत बसत आणि बाळूला त्याचा चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात देण्यात येई. मैदानावर चेंडू एकच होता, पेले मात्र दोन होते. यॉट क्लबाच्या दारासंबंधी संताप व्यक्त करताना आपल्याला हा मातीचा पेला विसरता येणार नाही. काळी गोटी आपण विलायतेकडून शिकलो नव्हतो. ती आपल्या घरात पुष्कळ आधीपासून होती.

स्वातंत्र्य आले आणि पालवा बंदरावरचा हा डाव पालटला. क्लबाने समुद्राकडची जुनी वास्तू सोडली व रस्त्यापलीकडच्या निवासी इमारतीत बिऱ्हाड हलविले. रिकाम्या झालेल्या वास्तूत १९४९ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था आली. डॉ. होमी भाभा यांनी स्थापिलेल्या या संस्थेला मुंबईत पहिला आसरा मिळाला होता तो पेडर रोडवरील ‘केनिलवर्थ’ बंगल्यात. तेथे १९ डिसेंबर १९४५ रोजी तिचे औपचारिक उद्घाटन झाले. काम वाढले, माणसे वाढली, जागा अपुरी पडू लागली, आणि संस्था जुन्या यॉट क्लबात आली. १९४८ साली स्थापन झालेल्या अणुशक्ती आयोगाचे अध्यक्षही भाभाच. त्या कामाचे केंद्रही येथेच झाले.

एक तपाहून अधिक काळ ही वास्तू विद्येचे घर होती. ज्या दालनांतून पूर्वी मेजवान्यांचा कोलाहल उठे, तेथे विश्वकिरणांचे संशोधन होऊ लागले. गणिताची एक मोठी परंपरा येथे रुजली. १९५० च्या डिसेंबरात मूलकणांविषयीची आंतरराष्ट्रीय परिषद या संस्थेने मुंबईत भरविली. देशी बनावटीच्या पहिल्या इलेक्ट्रॉनिक गणकयंत्राचे प्रारंभीचे काम याच काळातले. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भ्यास ‘अप्सरा’ ही अणुभट्टी सुरू झाली, त्याआधीची कितीतरी आखणी याच समुद्रकाठी झाली.

या मंडळीत एक गृहस्थ असे होते की ज्यांचे नाव मराठी माणसास विशेष जिव्हाळ्याचे वाटावे. गोव्यात जन्मलेले आणि पुण्यास राहणारे दामोदर धर्मानंद कोसंबी १९४६ ते १९६२ या काळात संस्थेत गणिताचे प्राध्यापक होते. डेक्कन क्वीनने पुण्याहून मुंबईस यावयाचे, काम करावयाचे आणि संध्याकाळी परतावयाचे, असा त्यांचा परिपाठ. १९५६ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरील ग्रंथ या काळातलाच. राजांच्या वंशावळी बाजूस ठेवून नांगर, नाणी, गावदेवता आणि धनगरांच्या वाटा यांवरून इतिहास वाचावा, असे सांगणारा हा पंडित ज्या पायऱ्या चढून कामावर जात होता, त्या पायऱ्या एका पिढीपूर्वी त्याच्यासाठी नव्हत्या. इमारत तीच, पायऱ्या त्याच. बदलला तो प्रश्न. पूर्वी येणाऱ्यास विचारीत, तू कोण? आता विचारू लागले, तुला काय येते?

१९६२ साली कुलाब्याच्या टोकास संस्थेची स्वतःची भव्य वास्तू सिद्ध झाली. जुना यॉट क्लब अणुशक्ती खात्याकडे राहिला. शेजारच्या सेलर्स होमचेही असेच रूपांतर झाले. १९२८ पासून तेथे मुंबईचे विधिमंडळ भरू लागले. डॉ. आंबेडकर ज्या विधिमंडळाचे सभासद होते ते हेच, आणि १ मे १९६० नंतर महाराष्ट्र राज्याचे विधिमंडळही १९८१ पर्यंत याच घरात होते. आता तेथे पोलीस महासंचालकांचे मुख्यालय आहे. २६ जानेवारी १९६१ रोजी समोरच्या उद्यानात छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा बसला आणि रस्त्यासही त्यांचे नाव मिळाले. साम्राज्याने आपल्या ऐटीसाठी सजविलेली ती ओसरी अशा रीतीने, एकही भिंत न पाडता, आपली झाली.

परकी सत्ता गेल्यावर तिच्या वास्तूंचे काय करावे, याविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, ती अपमानाची चिन्हे आहेत, ती पुसून टाका. दुसरा म्हणतो, ती सौंदर्याची लेणी आहेत, जशीच्या तशी जपा. पालवा बंदराच्या इतिहासावरून आम्हांस असे वाटते की दोन्ही पक्ष वास्तूला निर्जीव समजतात. वास्तूचा अर्थ तिच्या दारात काय घडते यावर ठरतो. दार बदलले की तीच पडवी दुसरी होते.

मात्र हे समाधान पुरते नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. अणुशक्ती खात्याच्या ताब्यातील जुन्या क्लबात आजही सामान्य नागरिकास सहज जाता येत नाही. तेथे पहारा आहे. कारण अर्थातच निराळे आहे. जन्मामुळे अडविणे वेगळे आणि राष्ट्राच्या संरक्षणासाठी अडविणे वेगळे, हा भेद आम्ही पुसत नाही. परंतु राष्ट्राच्या नावाने लावलेल्या दाराचाही हिशेब नागरिकाने अधूनमधून मागावा, हे लोकशाहीत गैर नाही. आणि आपल्या शहरांतून नव्याने निघणारे क्लब, संस्था, एवढेच काय, गृहनिर्माण मंडळ्यांची फाटकेसुद्धा पाहिली, म्हणजे वाटते की ती मतपेटी कोठे हरवलेली नाही. पुष्कळ ठिकाणी तिचे नाव ‘प्रवेशशुल्क’ झाले आहे. काही ठिकाणी आडनाव विचारले जाते, काही ठिकाणी जेवणाखाण्याची रीत. घर भाड्याने हवे असलेल्या कितीतरी माणसांना ती गोटी आजही मिळते, आणि कोणी टाकली हे त्यांनाही कळत नाही.

रानड्यांनी १८७५ साली जे सुरू केले त्याचे मोल आम्हांस येथे दिसते. त्यांच्याजवळ समुद्रकाठची जागा नव्हती, राणीची पदवी नव्हती, शिल्पकार नव्हता. वसंतातली संध्याकाळ, एक वक्ता आणि येईल तो श्रोता, एवढ्या सामग्रीवर त्यांनी सभा भरविली. ती पुढे गावोगाव भरू लागली आणि आजही भरते. तिची सारी रचना एका साध्या नियमावर उभी आहे: शेवटच्या रांगेत उशिरा येऊन बसणाऱ्यास त्याचे नाव कोणी विचारू नये.